मल्टिटूल घेताय? आधी सांधा बघा, मग पाती मोजा

वैजापूर तालुक्यातल्या एका शेतावर सौर पंप बसवत होतो. पॅनेल चढवून झाले होते, केबल नळीतून ओढून घेतली होती. कुंपणाची एक जीआय तार आडवी येत होती, ती तोडून बाजूला वळवायची, एवढंच काम राहिलं होतं. खिशातून मल्टिटूल, म्हणजे पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर एकात दुमडलेलं हत्यार, काढलं. ऑनलाइन सातशे रुपयांना घेतलेलं, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एकात एकवीस हत्यारं’. तार कटरमध्ये धरली, दोन्ही हातांनी दाबली आणि कट्‌कन आवाज आला. तार होती तशीच होती. पक्कडीचा एक जबडा सांध्यापाशी तुटून मातीत पडला होता.

तो तुकडा उचलून उन्हात धरला. तुटलेली कड आतून राखाडी आणि रवाळ दिसत होती, गुळाच्या ढेपेचा तुकडा पाडल्यावर दिसते तशी. चांगलं पोलाद सहसा असं तुटत नाही. तोवर शेतमालक आजोबा गोठ्याच्या कुडात खोचलेली जुनी काळी पक्कड घेऊन आले. “राहू द्या ते, साहेब. ही घ्या.” एका दाबात तार तुटली.

त्या दिवसापासून मी मल्टिटूल विकत घेणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत आलोय: त्यात किती हत्यारं आहेत ते मोजू नका, त्यातली पक्कड आणि पक्कडीचा सांधा किती भक्कम आहे ते बघा. हे हत्यार जन्मालाच पक्कडीच्या गरजेतून आलंय. अमेरिकेतले टिम लेदरमन 1975 साली पत्नीबरोबर एका जुन्या फियाट 600 गाडीतून युरोप फिरत होते. गाडी सारखी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे. खिशात चाकू होता, पण दर वेळी अडायचं ते पक्कडीपाशी. परत गेल्यावर त्यांनी चाकूत पक्कड बसवायचा ध्यास घेतला. 1980 मध्ये पेटंट मिळालं आणि 1983 मध्ये, म्हणजे मूळ कल्पनेनंतर आठ वर्षांनी, कंपनी उभी राहून माल विकला जाऊ लागला. आठ वर्षं या एका कल्पनेमागे घालवलेल्या माणसाचं हे हत्यार आहे, म्हणून आपणही दुकानात त्या सांध्याला दहा मिनिटं द्यायला हरकत नाही.

पायरी पहिली: आठवडाभर वही

काहीही विकत घ्यायच्या आधी सात दिवस खिशात छोटी वही ठेवा, किंवा मोबाईलमध्ये लिहा. ज्या ज्या वेळी हत्यार लागलं, त्या त्या वेळी एक ओळ: काय करायचं होतं, काय लागलं, तेव्हा हाताशी काय होतं. ‘केबल टाय कापला, चाकू.’ ‘स्टार्टरच्या झाकणाचा स्क्रू, स्टार.’ ‘ठिबकच्या नळीतून ग्रोमेट (जोडावरची रबरी कडी) ओढून काढला, नोज प्लायर (लांब निमुळत्या टोकाची पक्कड).’

माझ्या वहीत निम्म्याहून जास्त ओळी पक्कडीच्या निघाल्या. उरलेल्यांत चाकू आणि स्टार स्क्रू ड्रायव्हर. करवत एकदा, कानस दोनदा. बाटली उघडणं, डबा उघडणं एकदाही नाही. माझ्या बायकोने तिच्या शाळेत हीच नोंद ठेवली, तर तिच्या यादीत कात्री पहिली आली आणि पक्कड एकदाच. तिला दीडशे-दोनशे ग्रॅमचं लोखंड पर्समध्ये वागवायची गरजच नव्हती. तिने 58 मिलिमीटरचा, किल्ल्यांना अडकणारा छोटा स्विस चाकू घेतला. त्यात कात्री आहे आणि ती खूश आहे.

वही बघून आणखी एक निर्णय होतो आणि तो प्रामाणिकपणे घ्या. तुमच्या दुचाकीला हत्यारांची पिशवी रोज असते का? असेल, तर भारी मल्टिटूलच्या पैशात नाशिकच्या टपारियाची आठ इंची पक्कड, नोज प्लायर, कटर, टेस्टर आणि स्क्रू ड्रायव्हरचा संच घेऊन वर पुष्कळ पैसे उरतात, आणि ही सुटी हत्यारं प्रत्येक कामात मल्टिटूलपेक्षा सरस असतात. मल्टिटूल कामाला येतं ते पिशवी खाली राहिलेली असते आणि तुम्ही वर चढलेले असता तेव्हा. ते पुरवणी आहे, पिशवीची जागा घेणारं नाही.

पायरी दुसरी: वजन ठरवा

खिशात न राहणारं हत्यार कितीही चांगलं असलं तरी ऐन वेळी ते घरी असतं. म्हणून वजन आधी ठरवायचं.

दीडशे ग्रॅमच्या आत असलेलं पँटच्या खिशात दिवसभर जाणवत नाही. लेदरमनचं स्केलेटूल 142 ग्रॅमचं आहे. पक्कड, चाकू, बिट (स्क्रू ड्रायव्हरचं बदलता येणारं टोक) बसवायची जागा आणि अडकवायचा हूक, बस. दोनशे ग्रॅमच्या आसपासची पट्ट्याला पाकिटात लावलेली बरी: लेदरमन रिबार साधारण 190, व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं स्विसटूल स्पिरिट दोनशेच्या थोडं वर. लेदरमनचंच वेव्ह प्लस 241 ग्रॅम. त्यांचंच सर्ज तर याहून बरंच जड, ते ज्यांचं पोटच त्या हत्यारावर आहे त्यांच्यासाठी. दुकानात जायच्या आधी घरच्या वजनकाट्यावर तेवढ्या वजनाची किल्ल्यांची जुडी आणि बॅटरी एका पिशवीत बांधा आणि एक दिवस खिशात घालून हिंडा. संध्याकाळपर्यंत उत्तर मिळतं.

पायरी तिसरी: पोलाद आणि सांधा समजून घ्या

चांगल्या मल्टिटूलमध्ये सगळे भाग सारखे कडक नसतात, आणि नसावेतच. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकूचं पातं रॉकवेल मापावर 56 इतकं कडक करते, कात्री आणि लाकडाची करवत 53, स्क्रू ड्रायव्हर 52 आणि आतली स्प्रिंग 49. कारण सरळ आहे. पात्याची धार टिकायला ते कडक हवं. पण स्क्रू ड्रायव्हरला पीळ बसतो आणि स्प्रिंगला सतत वाकावं लागतं, ते पात्याइतके कडक केले तर काचेसारखे तडकतील. स्वस्त मालात ही अक्कल खर्च केलेली नसते. सगळं एकाच पत्र्यातून कापलेलं असतं, म्हणून चाकू बोथट होतो आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिळवटतं.

जाहिरातीत पोलादाची नावं येतात. 420एचसी हे लेदरमनच्या बऱ्याच पात्यांचं पोलाद आहे. गंजाला बऱ्यापैकी दाद देत नाही, साध्या दगडावर पटकन धार लागते. एस30व्ही त्याच्या वरचं, धार खूप टिकते, पण गेली की घरच्या दगडावर परत आणायला घाम निघतो. शेतावर, साइटवर काम करणाऱ्याला मी पहिलंच सुचवेन. ‘स्टेनलेस स्टील’ एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ काहीच होत नाही.

आता सांधा. साधी आठ इंची पक्कड हातात घ्या आणि मल्टिटूल शेजारी धरा. मल्टिटूलचा दांडा आखूड असतो, त्यामुळे तीच तार कापायला तुम्ही जास्त जोर लावता, आणि तो सगळा जोर मधल्या बारीक पिनेवर जातो. शिवाय दांड्याची आणि जबड्याची जोडणी ही दुमडणारी, म्हणजे एका सांध्याऐवजी तीन सांधे. माझं मल्टिटूल नेमकं तिथेच गेलं. म्हणून तार नेहमी जबड्याच्या टोकाला न धरता, जितकी आत, पिनेच्या जवळ जाईल तितकी आत सरकवून कापायची. आणि कुंपणाची कडक तार, स्प्रिंग, गाडीची क्लच केबल यांना मल्टिटूल लावायचंच नाही. चांगल्या मल्टिटूलच्या कटरलासुद्धा तिथे खाच पडते. वेव्ह प्लस आणि रिबारमध्ये कटरची पाती बदलता येतात. तार कापायचं काम रोजचं असेल, तर या एका सोयीसाठी जास्त पैसे मोजायला मी कधीही तयार असतो.

पायरी चौथी: दुकानात दहा मिनिटं

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, किंवा तुमच्या गावातलं हार्डवेअरचं दुकान. जमेल तिथे प्रत्यक्ष हातात घेऊनच खरेदी करा. ऑनलाइन घेतलंत, तर परत करायची मुदत संपायच्या आत घरी हेच सगळं करा. सोबत तीन गोष्टी न्या: छोटं लोहचुंबक, दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि तांब्याच्या वायरची एक बारीक तार.

आधी लोहचुंबक. पक्कडीच्या जबड्याला आणि चाकूच्या पात्याला लावा. पात्यासाठी वापरतात ते कडक होणारं पोलाद चुंबकाला घट्ट धरतं. जबड्याला चुंबक चिकटलंच नाही, तर तो जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव जबडा असण्याची दाट शक्यता. हत्यार खाली ठेवा. दांड्याला चुंबक लागलं नाही तर घाबरू नका, तो ॲल्युमिनियमचा किंवा वेगळ्या स्टेनलेसचा असू शकतो. चिकटलं म्हणजे उत्तम असंही नाही. ही फक्त वाईट माल गाळायची चाळणी आहे.

मग पक्कड मिटून ट्यूबलाइटकडे धरा. जबड्याची टोकं आधी एकमेकांना टेकली पाहिजेत, त्यामागे केसाएवढी फट दिसली तर ती दाबल्यावर बुजली पाहिजे. उलट असेल, म्हणजे मागे टेकतंय आणि टोकाला फट, तर बारीक वस्तू कधीच पकडता येणार नाही. तांब्याची ती तार टोकात धरून ओढा. सुटली, तर पुढचं काही बघू नका. आता एक जबडा एका हातात, दुसरा दुसऱ्या हातात धरून वरखाली हलवा. ‘लक्‌लक्’ जाणवली तर ती पुढे वाढतच जाते. उघडमीट मात्र सुटसुटीत हवी. घट्ट सांधा म्हणजे मजबूत सांधा, असं नाही.

मूठ आवळून जोरात दाबा, जणू खरंच काहीतरी कापताय. दांड्याची कड तळव्यात रुतते का? काही मल्टिटूलमध्ये दांड्याची उघडी बाजू तळव्याकडे येते आणि दहाव्या केबल टायनंतर हाताला वळ उठतात. दुकानदाराला हे विचारून कळत नाही, दाबूनच कळतं.

आता एकेक पातं उघडा. एक ओढलं की शेजारची दोन त्याच्याबरोबर येतात का? नखाने उघडायची खाच ओल्या, तेलकट बोटांनी सापडेल का? पातं पूर्ण उघडल्यावर लॉक लागल्याचा आवाज येतो का? पात्याची पाठ (धार नव्हे!) टेबलाच्या कडेवर हलकेच टेकवून दाबा, बोटं मिटण्याच्या वाटेतून बाजूला ठेवून. लॉक सुटलं, तर तेच पातं एक दिवस तुमच्या बोटांवर मिटणार. लॉक नसलेले, फक्त स्प्रिंगवर धरणारे चाकूही असतात. जुने स्विस चाकू तसेच आहेत आणि फळ, दोरी, कागदाला उत्तम चालतात. पण ज्याने जोर लावून भोकं पाडायचीत, सोलायचंय, त्याने लॉकवालंच घ्यावं.

कात्रीने दुधाच्या पिशवीचा तुकडा टोकापर्यंत कापा. मध्ये कापते आणि टोकाला प्लास्टिक दुमडून अडकतं, ती कात्री पुढेही तशीच राहणार.

शेवटी स्क्रू ड्रायव्हर. चपट्या टोकाची कड सरळ आणि कोन काटकोनी हवा, गोलावलेला नको. स्टारचं टोक दुकानातल्याच एखाद्या स्क्रूत बसवून हलवून पाहा. आणि हे आवर्जून बघा: बिट बदलता येत असेल, तर ती कोणत्या मापाची? आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतात त्या पाव इंची, म्हणजे 6.35 मिलिमीटरच्या षटकोनी बिट. वेव्ह आणि स्केलेटूलमध्ये मात्र लेदरमनच्या स्वतःच्या चपट्या बिट बसतात. एक हरवली की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. साध्या बिटसाठी वेगळा जोड घ्यावा लागतो.

माझी निवड, कारणांसकट

सगळी मॉडेलं मी वापरलेली नाहीत, पण हाताखालून पुष्कळ गेली आहेत. पक्कड मुख्य आणि बाकी कधीमधी, अशांनी रिबार बघावं. त्यातली पाती दांड्याच्या आत असतात, म्हणजे चाकू लागला तरी आधी पक्कड उघडावी लागते. ज्यांचा चाकूच दिवसभर चालतो त्यांचा यावर वैताग होतो. त्यांच्यासाठी वेव्ह प्लस, ज्यात चाकू, करवत आणि कानस बाहेरून एका हाताने उघडतात. स्विसटूल स्पिरिटमध्येही सगळी पाती बाहेरून उघडतात. त्याची घडण या तिघांत सगळ्यांत नीटस आहे आणि माझ्या पट्ट्याला आज तेच आहे. पक्कड लागतच नसेल, तर व्हिक्टोरिनॉक्सचा 93 मिलिमीटरचा पायोनियर, ॲल्युमिनियमच्या खरखरीत दांड्याचा. हातातून निसटत नाही आणि दहा वर्षांनीही दांड्याला काही होत नाही.

वेव्ह प्लस आणि स्पिरिट यांच्या किमती आपल्याकडे दहा हजारांच्या पुढे जातात. ही रक्कम लहान नाही आणि ज्याचा महिन्याचा पगारच वीस हजार आहे त्याला ‘गुंतवणूक समजा’ म्हणणं मला पटत नाही. त्याने वर सांगितलेली सुटी पक्कड घ्यावी आणि सोबत एक साधा चांगला चाकू. मधल्या किमतीचं घ्यायचं झालं, तर कमी हत्यारांचं घ्या: त्याच पैशात सात भाग नीट बनवता येतात, एकवीस नाही.

नकली मालही भरपूर आहे. हुबेहूब नाव, हुबेहूब खोका. कोरलेली अक्षरं एकसारखी खोल आहेत का, पात्यांच्या कडा हाताला खरखरीत लागतात का, ते बघा. किंमत निम्म्यावर आली की संशय घ्या. पक्कं बिल मागा, कारण लेदरमनची हमी 25 वर्षांची आणि व्हिक्टोरिनॉक्सची आयुष्यभराची असली, तरी ती अस्सल मालालाच मिळते. दुरुस्तीसाठी हत्यार कुठे पाठवायचं आणि कुरिअरचा खर्च कोणाचा, हे पैसे द्यायच्या आधी विचारून ठेवा.

कायदा आणि प्रवास

शस्त्र नियमांनुसार 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं परवान्याच्या नियमांच्या कक्षेत येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या आणि उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारं वगळलेली आहेत. मल्टिटूलचं पातं 7 सेंटिमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे तो प्रश्न येत नाही. मात्र सणासुदीला, निवडणुकीच्या काळात पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात, त्यात चाकू बाळगण्यावर बंदी असते. त्या दिवसांत साइटवर जाताना आदेश नीट वाचा, आणि शंका असेल तर हत्यार घरीच ठेवा. विमानात केबिन बॅगेत अजिबात नको, चेक-इनमध्ये टाका. मेट्रोत, मॉलमध्ये, कोर्टात तपासणीला अडवतात. तिकडे जायचं असेल त्या दिवशी घरीच ठेवलेलं बरं.

वीज

हा भाग दोनदा वाचा. मल्टिटूल अखंड धातूचं असतं, दांड्यावर इन्सुलेशन नसतं. घरातल्या 230 व्होल्टच्या वायरिंगला ते लावायच्या आधी एमसीबी पाडा आणि टेस्टर लावून खात्री करा. सौर पॅनेलचं प्रकरण याहून वाईट आहे, कारण पॅनेलला बटण नसतं: ऊन आहे तोवर तारेत दाब आहेच. मालिकेत जोडलेल्या पॅनेलचा दाब काहीशे व्होल्टपर्यंत जातो आणि डीसीची ठिणगी एकदा पेटली की सहज विझत नाही. पॅनेलच्या तारा जोडणारा एमसी-4 कनेक्टर मल्टिटूलने उचकटू नका. त्याचा प्लास्टिकचा छोटा पाना मिळतो, तोच वापरा आणि आधी आयसोलेटर (वीज तोडायचा मुख्य स्विच) बंद करा.

निगा

स्टेनलेसही गंजतं, उशिरा गंजतं इतकंच. कोकणात, गोव्यात खाऱ्या हवेत सांध्याभोवती तांबूस डाग महिन्याभरात दिसतात. आमच्याकडे वेगळा शत्रू आहे: ठिबकच्या नळ्या साफ करायला ॲसिड सोडतात आणि विद्राव्य खतं चालवतात. त्याचे शिंतोडे उडालेलं हत्यार तसंच पाकिटात गेलं, तर आठवड्यात पात्याला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि ते परत भरून येत नाहीत. त्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्यात उघडमीट करून धुवा, जुन्या टूथब्रशने सांध्यातली माती काढा, फडक्याने पुसून पूर्ण उघडं करून उन्हात वाळवा. मग प्रत्येक सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि जास्तीचं तेल पुसून घ्या. ग्रीस नको, त्यात धूळ चिकटून तिचीच पॉलिशपेपरसारखी घासण होते. चामड्याच्या पाकिटात पावसाळाभर हत्यार ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. नायलॉनचं चालतं.

चाकूला महिन्यातून एकदा बारीक दगडावर साधारण 20 अंशांच्या कोनात, दोन्ही बाजूंनी सारखेच हात मारा. दातेरी पात्याच्या वाटेला जाऊ नका. सांधा ढिला झाला आणि स्क्रू असेल, तर तो एका वेळी अगदी थोडासाच आवळा, आणि दर वेळी उघडमीट करून पाहा.

उंचावर काम करणाऱ्यांसाठी एक शेवटचं. हत्याराला दोरी बांधायची कडी असेल, तर पहिल्याच दिवशी हातभर नायलॉनची दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक पट्ट्याला अडकवा. खाली माणूस उभा असतो हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे पॅनेलची काच टफन केलेली असते: अंगभर भार सहन करते, पण पक्कडीचं टोक एका जागी पडलं की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, आणि मग अख्खं पॅनेल बदलावं लागतं.